दुभाषी म्हणते

शनिवार, २२ ऑक्टोबर १९९४. सकाळी ढगाळ, दुपारनंतर ऊन. ह्यांच्या कचेरीतले पाहुणे चहाला: शेजारच्या देशाचं अख्खं शिष्टमंडळ, आपल्याकडचे लोक, आणि पोपट. काकडीची सँडविचेस पुरली. केक जरा कोरडा झाला. सासूबाईंना नवं मलम लागू पडतंय. पाहुण्यांचं विमान साडेसातचं. पोपट आज स्वतःचं बोलली.

परवा वरच्या मजल्यावरचे भावोजी नेहमीप्रमाणे चार वाजता चहाला खाली आले, तेव्हा त्यांना ही नोंद वाचून दाखवली. त्यांनीच विचारलं होतं, "तुमच्याकडे त्या दिवसाचं काही लिहिलेलं असेलच." वाचून झाल्यावर ते कपाकडे बघून म्हणाले, "केक कोरडा होता, हे खरं आहे."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुम्ही लिहा. मी तिच्याबद्दल बोलायला लागलो की अजूनही तिच्या वतीनेच बोलतो."

म्हणून लिहायला बसले आहे.

पोपट आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. हे नाव तिला वर्गाने दिलं, आणि पुढे तिच्या आईनेसुद्धा तेच उचललं. आमच्या कॉन्व्हेंटात एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, शेजारच्या देशातून आलेल्या. त्या शिवण शिकवायच्या, आणि रागावल्या की आपल्या भाषेत बोलायच्या. पोपट सुईत दोरा ओवता ओवता ते सगळं जसंच्या तसं, त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची. आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसायचो. एकदा सिस्टर तिच्या मागेच येऊन उभ्या राहिल्या. आता हिची काही धडगत नाही, असं आम्हाला वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "उच्चार बरोबर आहे. आता अर्थ शीक." त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर पोपट त्यांच्यापाशी बसायला लागली. शिवण तिला शेवटपर्यंत आली नाही. भाषा मात्र अशी आली, की त्या देशाच्या वकिलातीतली माणसं तिला विचारायची, "तुमचं माहेर आमच्याकडचं का?"

वडील लवकर गेले. धाकट्या भावाचं शिक्षण, आईचं आजारपण, आणि मग पोपटचं वय. लग्नाचं कोणी काढलं की म्हणायची, "मला दुसऱ्यांचं बोलायचा पगार मिळतो. लग्न करून फुकटात कशाला बोलू?" सरकारच्या भाषांतर खात्यात ती दुभाषी होती. आई गेल्यावर आमच्या वरचा मजला रिकामा झाला तेव्हा मीच तिला म्हटलं, इथेच ये. आली ती कायमचीच.

तिचं काम मी फार जवळून पाहिलं. बैठकीच्या आदल्या दिवसापासून कांदा-लसूण बंद, कारण साहेबाच्या कानाशी बसून बोलायचं. घसा बसू नये म्हणून गालात लवंग. हातात उंच, अरुंद वही, आणि तिच्यात शब्द नाहीत, नुसते बाण, फुल्या आणि वेटोळी. मेजवानी असेल तर ती संध्याकाळी माझ्याकडे जेवून जायची, कारण मेजवानीला दुभाष्याचं तोंड मोकळं असावं लागतं. "एवढ्या पक्वान्नांपुढे बसून येते," म्हणायची, "आणि पोटात तुझी आमटी."

त्या धंद्याचे दोन नियम तिने मला समजावले होते. पहिला, दुभाषी 'मी' म्हणतो तेव्हा तो 'मी' दुसऱ्याचा असतो. समोरचा म्हणाला, "मला हे मान्य नाही," तर दुभाष्याने "ते म्हणतात, त्यांना मान्य नाही," असं सांगायचं नाही. सरळ म्हणायचं, "मला हे मान्य नाही." दुसरा, दुभाष्याला स्वतःला काही सांगायचं असेल, ऐकू आलं नाही, शब्द कळला नाही, तर 'मी' म्हणायचं नाही. म्हणायचं, "दुभाषी म्हणते, हे वाक्य पुन्हा सांगावं." मला तेव्हा त्याची फार गंमत वाटली होती. सगळ्या जगासाठी 'मी', आणि स्वतः मात्र 'ती'.

आमचे हे नागरी विमान खात्यात होते, आणि शेजारच्या देशाशी विमानांच्या वाटाघाटी ह्यांच्याकडे होत्या. लोकांना वाटतं, विमान आहे, आकाश आहे, मग उडावं. तसं नव्हतं. कुठल्या शहरातून कुठल्या शहराला, कोणाच्या कंपनीचं, आठवड्यातून किती वेळा, हे सगळं करारात बांधलेलं असायचं. आमच्या जुन्या करारात आठवड्याला चार फेऱ्या होत्या, त्याही राजधानी ते राजधानी, आणि दोन्हीकडची एकेकच कंपनी. दर वर्षी आपण म्हणायचं, फेऱ्या वाढवा, आणखी एखाद्या शहरात उतरू द्या. त्यांनी म्हणायचं, तुमची कंपनी मोठी, आमची लहान, दार उघडलं तर आमची बुडेल. एक वर्ष इकडे बैठक, एक वर्ष तिकडे. चार दिवस बोलून एखादी फेरी पदरात पडली तर पडली, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा.

दोन्ही बाजूंना आपापला दुभाषी असे. समोरचा जे बोलेल ते आपल्या साहेबाला आपल्या भाषेत सांगायचं, हे ज्याचं त्याचं काम. म्हणजे ह्यांच्यासाठी समोरच्या प्रमुखाचं सगळं बोलणं पोपटच्या तोंडून यायचं. नकार, हट्ट, टोमणे, सगळं. बैठकीच्या दिवसांत हे घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचे, "आज तुझ्या मैत्रिणीने मला दिवसभर छळलं. एक फेरी सोडेल तर शपथ."

आणि पोपट जिन्यावरून ओरडायची, "साहेब, मी कुठली फेरी सोडणार? मी स्वतः बसने जाते!"

समोरच्या दुभाष्याबद्दल ती आधी कधी बोलली नाही. मग दरवर्षी थोडं थोडं यायला लागलं. उंच आहेत, केस पांढरे व्हायला लागलेत. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, असं कोणीतरी सांगितलं. तेही मेजवानीला काही खात नाहीत. खोकला आला तर रुमाल पुढे करतात, पण वाक्य अर्धं टाकत नाहीत. एका वर्षी त्यांना असा खोकला लागला, की पोपटने आपली लवंगांची डबी टेबलावरून हळूच पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी डबी परत आली, भरून. त्याच्या पुढच्या वर्षी पोपट एका कायद्याच्या शब्दापाशी अडली. दुभाष्याने दुसऱ्या दुभाष्याला मदत करायची नसते, तो अपमान असतो. समोरच्यांनी मदत केली नाही. त्यांनी आपलं पेन टेबलाखाली पाडलं आणि ते शोधायला इतका वेळ लावला, की तेवढ्यात पोपटला शब्द सापडला.

"अगं, मग बोललात काय तुम्ही?" मी विचारलं.

"कधी बोलणार? आम्ही दोघं दिवसभर बोलतच असतो."

हे तिने इतक्या सहज म्हटलं, की मला आधी हसू आलं आणि नंतर आलं नाही. अकरा वर्षं ही दोघं समोरासमोर बसून दुसऱ्यांचं भांडण भांडत होती, आणि आपसात एक शब्द नव्हता.

त्या वर्षी वारं बदललं होतं. दोन्ही सरकारांनी ठरवून टाकलं, पुरे झालं हे मोजणं, खुलं करून टाका. कुठल्याही शहरातून, कोणत्याही कंपनीने, हव्या तेवढ्या फेऱ्या. ह्यांना आनंद होता. अकरा वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते सगळं एकदम मिळत होतं. शुक्रवारी दुपारी मसुद्यावर सह्या झाल्या. संध्याकाळी पोपट जिना न चढता सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. पर्स मांडीवर तशीच.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. फेऱ्यांवर मर्यादा नाही. दरवर्षीच्या बैठकाही नाहीत. भांडायला काही उरलंच नाही तर भेटायचं कशाला?"

मी भाजी चिरायची थांबले. गेला महिनाभर ती का गप्प गप्प होती, ते मला त्या क्षणी कळलं.

"आणि मी भाषांतर केलं," ती म्हणाली.

"ते तर तुझं कामच आहे."

"अगं, माझ्या वाक्याचं! मला म्हटलेल्या वाक्याचं!"

मग सगळं सांगितलं. सह्या झाल्यावर सगळे हातात सरबताचे पेले घेऊन उभे होते. दोन्ही साहेब शेजारी शेजारी, आणि त्यांच्यासमोर हे दोन दुभाषी. समोरच्या दुभाष्यांनी पोपटकडे बघितलं आणि त्यांच्या भाषेत, सावकाश, म्हटलं, "उद्या संध्याकाळी आम्ही निघतो. त्याआधी मला तुमच्याबरोबर एक कप चहा प्यायचा आहे."

"मग?"

"मग काय! ती भाषा कानावर पडली की माझं तोंड आपोआप सुरू होतं. मी साहेबांकडे वळले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, 'उद्या संध्याकाळी आम्ही निघतो. त्याआधी मला तुमच्याबरोबर एक कप चहा प्यायचा आहे.'"

"आणि ह्यांना वाटलं, त्यांचे प्रमुखच म्हणताहेत!"

"साहेब म्हणाले, 'वा! मग सगळेच माझ्या घरी या. माझी बायको केक उत्तम करते.'"

"आणि समोरचे काय म्हणाले?"

पोपटने पर्समध्ये तोंड लपवलं. "ते वळले आणि त्यांनी त्यांच्या साहेबांना भाषांतर करून सांगितलं. शब्दन् शब्द. केकसुद्धा सोडला नाही."

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात हे आले, दारातूनच बोलत. "ऐकलंस का? उद्या दहा-बारा माणसं चहाला! त्यांच्या प्रमुखांनी आपणहून म्हटलं, बरं का. अकरा वर्षांत त्या माणसाने मला एक फेरी आपणहून दिली नाही, आणि आज म्हणतो, तुमच्याबरोबर चहा प्यायचा आहे!"

पोपट भिंतीकडे बघत होती.

"करते केक," मी म्हटलं.

हे कपडे बदलायला आत गेल्यावर मी तिला म्हटलं, "मग उद्या बोल. घरातच येताहेत ते."

"काय बोलू? मला माझं वाक्य सुरूच करता येत नाही गं. 'मी' म्हटलं की तोंडात त्यांचे प्रमुख येतात."

दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळे आले. बाराच्या सेटमधले सगळे कप निघाले. पोपटने राखाडी साडी नेसली होती, बैठकीचीच, आणि हातात वही होती. मी डोळ्यांनी खुणावलं, वही कशाला? तिने मान वळवली.

आणि मला वाटलं होतं तेच झालं. चहा म्हणजे पुन्हा बैठकच. हे काहीतरी बोलायचे, समोरचे दुभाषी ते आपल्या साहेबांना सांगायचे. ते साहेब काहीतरी बोलायचे, पोपट ते इकडे सांगायची. खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोघांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दोघांचेही कप समोर तसेच, वर साय धरलेली.

सासूबाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. पाहुण्यांचे प्रमुख त्यांच्या शेजारी बसले. वयाने तेच त्यातल्या त्यात जवळचे. सासूबाईंनी लगेच गुडघ्याचा विषय काढला: कुठलं मलम, किती वेळ चोळायचं, वर फडकं कसं गुंडाळायचं. समोरच्या दुभाष्यांनी अगदी गंभीरपणे सगळं मलम त्यांच्या भाषेत नेलं. प्रमुख कळवळून काहीतरी बोलले. पोपट सासूबाईंकडे वाकली आणि म्हणाली, "माझाही डावा गुडघा फार दुखतो."

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "तुझासुद्धा? काल जिना तर धावत चढलीस!"

आपल्याकडचे सगळे हसले, मग भाषांतर झाल्यावर त्यांच्याकडचे हसले. पोपट हसली नाही. समोरचेही नाहीत. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच वहीत खाली बघितलं.

घड्याळात पाच वाजून गेले होते. साडेपाचला गाड्या येणार. मी ह्यांना म्हटलं, "अहो, पाहुण्यांना तुमचे रेडिओ दाखवा ना."

परसातल्या खोलीत ह्यांनी जुने रेडिओ जमवले होते. ते उघडायचे, जोडायचे, लावून बघायचे. ह्यांचा चेहरा असा उजळला, की काही सांगायला नको. त्यांच्या प्रमुखांना 'रेडिओ' हा शब्द भाषांतराशिवाय कळला. ते गुडघा विसरून उठलेच. सगळी मंडळी दोघांच्या मागून परसात गेली. पोपटही वही घेऊन उठली. समोरचेही.

"रेडिओला दुभाषी लागत नाही," मी म्हटलं. "बसा खाली दोघंही. चहा गार झालाय, गरम करून आणते."

दोन्ही कप उचलून मी स्वयंपाकघरात आले, चहा पातेल्यात ओतला, गॅस लावला. मधलं दार उघडंच होतं. बाहेर आता ती दोघं, आणि आरामखुर्चीत डोळे मिटलेल्या सासूबाई. परसातून रेडिओची खरखर आणि ह्यांचा आवाज येत होता. मी दाराशी उभी राहिले, पण पुढे जायची छाती होईना.

मग पोपट बोलली. त्यांच्या भाषेत. मला त्या भाषेतले दोनच शब्द येतात, तिनेच शिकवलेले, आणि वाक्य त्यांनीच सुरू झालं: दुभाषी म्हणते. पुढचं कळलं नाही. पण उत्तर आपल्या भाषेत आलं, जरा पुस्तकी, पण स्वच्छ.

"दुभाषी म्हणतो, त्यानेही सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

पोपट पुन्हा काही बोलली, ह्या वेळी जरा लांब.

"दुभाषी म्हणतो, चूक दोन्ही बाजूंची सारखीच आहे. तशी नोंद व्हावी."

आणि पोपट हसली. तोंडात रुमाल कोंबून हसायची, तसं. शाळेनंतर ते हसू मी ऐकलंच नव्हतं.

परसात कुठलंतरी दूरचं केंद्र लागलं, टाळ्या वाजल्या. गाड्यांची वेळ होत आली होती. मला वाटलं, गेलं, आता संपलं. तेवढ्यात पोपट म्हणाली, आणि ह्या वेळी आपल्या भाषेत, "पुढच्या वर्षी बैठक नाही."

"दुभाषी म्हणतो, बैठक नाही. पण आता विमान रोज आहे."

"ते करारात आहे. मी सांगितलंय ते सगळ्यांना. तुम्ही काय म्हणता?"

मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होते.

"मी," ते म्हणाले, आणि थांबले. तो शब्द जणू त्यांनाही कुठे ठेवायचा कळत नव्हता. "मी येईन."

"मी विमानतळावर असेन," पोपट म्हणाली.

तेवढ्यात सासूबाईंनी डोळे न उघडताच हाक मारली, "अगं, काहीतरी करपतंय!"

नवीन वेळापत्रक लागलं त्या पहिल्याच शनिवारी ते आले. दोन दिवस राहून गेले. मग पुढच्या महिन्यात पुन्हा. हे म्हणायचे, "करार यशस्वी झाला की नाही ते मी आकडेवारीत बघत नाही, वरच्या मजल्यावर दिवा आहे का ते बघतो." निवृत्त झाल्यावर ते, म्हणजे आताचे आमचे भावोजी, कायमचेच आले. त्या दोघांच्या लग्नात मी पहिल्यांदाच पाहिलं, की नवरा आणि नवरी दोघंही सरळ उत्तर द्यायच्या आधी क्षणभर दुसऱ्या कोणाकडेतरी वळतात.

वीस-बावीस वर्षं त्यांचा संसार मी छतातून ऐकला. भांडण झालं की पोपटचा आवाज यायचा, "दुभाषी म्हणते, ओला टॉवेल पलंगावर टाकू नये!" आणि त्यांचा, "दुभाष्याला हे वाक्य ऐकू आलं नाही!" मग जरा वेळाने चमचा ढवळल्याचा आवाज.

आता हे नाहीत, सासूबाई तर कधीच्याच गेल्या. पोपटला जाऊन दोन हिवाळे झाले. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तिला आमची भाषा आठवेना, नुसती सिस्टरांचीच राहिली. डॉक्टर काही विचारायचे आणि ती त्या भाषेत उत्तर द्यायची. भावोजी पलंगाशी बसून ते आम्हाला सांगायचे. "मला फार थकल्यासारखं वाटतंय," ते म्हणायचे. "मला खिडकी उघडी हवी आहे." नर्स नवी होती. ती आधी गोंधळली. आम्हाला कोणालाच गोंधळायला झालं नाही.

भावोजी चार वाजता खाली येतात. चहा गरम असतानाच पितात, थांबत नाहीत. परवा नोंद वाचून झाल्यावर मी वही मिटत होते, तर म्हणाले, खाली आणखी एक ओळ दिसतेय, ती राहिली.

चुकून राहिली नव्हती, मीच वाचली नव्हती. ती त्या दिवशी रात्रीचं जेवण आटोपल्यावर लिहिलेली आहे, वेगळ्या शाईत: चहाचं पातेलं तळाशी करपलं. पाणी आणि सोडा घालून भिजत ठेवलं आहे.